गाळ ओला आहे तोवर या

सोसायटीचे सेक्रेटरी (३०१): सकाळी सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४२ फूट. धोक्याची पातळी ४५, म्हणजे त्याच्या खाली आलंय. कोयनेचा विसर्गही कमी केलाय. आपल्या गेटात अजून गुडघाभर आहे.

काकू (तळमजला): मी विश्रामबागेत बहिणीकडे आहे. आमच्या घरात कुणी डोकावलं का? शिलाई मशीनचं डोकं काढून ओट्यावर ठेवलं होतं.

२०२: काकू, जिन्यातून टॉर्च मारली. भिंतीवरची रेघ स्विचबोर्डाच्याही वर आहे. ओटाही पाण्यात होता. मशीन आडवं पडलंय, पण आहे.

सेक्रेटरी: सगळ्यांना हात जोडून विनंती, उद्यावर टाकू नका, आज दुपारीच या. पाणी उतरतंय तोवर त्याच पाण्यानं भिंती-फरशी खराट्यानं घासायची आणि गाळ पाण्याबरोबरच बाहेर लोटायचा. २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांवर गेलं होतं, आपण पाणी पूर्ण ओसरल्यावर आलो. तोवर उन्हानं गाळ असा धरला की कुदळ लावावी लागली. नळाला पाणी नाही, टँकरची वाट बघत बसलो. वरच्या मजल्यावाल्यांनीही उतरायचंय. तळमजल्याची तीन घरं एकट्यानं होणार नाहीत.

४०१: पुण्याहून निघतोय. गमबूट, खराटे, ब्लीचिंग पावडर घेतो. पेठ नाक्यावरनं रस्ता सुरू आहे ना?

२०२: हो, मित्र आत्ताच आला तिकडून.

डॉक्टर ताई (१०४): पायाला जखम असेल त्यांनी पाण्यात उतरू नका. उंदरांच्या लघवीनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका. खालच्या टाकीचं पाणी भांड्यालाही नको. आधी उपसून, घासून, ब्लीचिंग टाकू.

सेक्रेटरी: मेन स्विचला कुणीही हात लावायचा नाही. वायरमन मीटरबोर्ड उघडून तपासेल, मगच. आणि धुण्याआधी फ्रिज, गाद्या, कपाटं, सगळ्याचे फोटो. पंचनाम्याला लागतील. पाण्याची रेघ एका भिंतीवर तशीच ठेवा, घासू नका.

२०२: काकू, मशीन वर आणलं. शटलमध्ये चिखल गच्च बसला होता, सुईनं काढला. आता डिझेलमध्ये ठेवलंय.

काकू: चाक फिरवून बघितलंस?

२०२: थोडं फिरतंय, मग अडतंय.

काकू: जोर लावू नकोस बाळा, आत दोरा गुंतला असेल. मी रिक्षात बसले. कपाटाच्या वरच्या खणात लोकांचे ब्लाऊज आहेत, तेवढे बघ.

२०२: कोरडे आहेत.