बाबांच्या अल्बमसाठी शब्द हवेत, मदत करा

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यासाठी जुन्या फोटोंचा अल्बम करतेय. काळी पानं, फोटोला कोपरे, मधे बटर पेपर, सगळं पूर्वीसारखं. साठेक फोटो जमलेत. घोडं अडलंय ते मजकुरापाशी. एकाखाली 'अविस्मरणीय क्षण' लिहिलं, दुसऱ्याखाली 'आठवणींचा ठेवा', आणि चौथ्या फोटोपर्यंत अल्बमला चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची कळा आली. नेटवर चारोळ्या ढिगाने आहेत, पण बाबा काही चारोळीतला माणूस नाही. एसटीत कंडक्टर होते, पाटण-कोयना भागात.

दोन फोटो जास्त छळतायत. एक आईबाबांच्या लग्नाचा, १९७१ चा. दोघं शिक्षा केल्यासारखी उभी आहेत. दुसऱ्यात बाबा आणि ड्रायव्हर गाडीपुढे, मागे नुसतं 'डिसेंबर ६७'. म्हणजे कोयनेचा भूकंप झाला तो महिना. कोणीही हसत नाहीये. त्याखाली काय लिहू? की कोरंच सोडू?

जुनीपेटी:
शब्द शोधताय कशाला, बाबा आहेत ना समोर! फोटो त्यांच्या हातात द्या आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून गप्प बसा. 'हा कधीचा?' विचारलंत तर साल कळेल, संपलं. अंगावर काय आहे, कोणाचं आहे, फोटो काढून झाल्यावर कुठे गेलात, असं विचारा. माझ्या आजीच्या एका फोटोखाली तिचंच वाक्य आहे: 'लुगडं शेजारणीचं. माझं वाळत होतं.' अल्बम बघणारा प्रत्येक जण त्या पानावर थांबतो.

लग्नाच्या फोटोखाली आईंचा उखाणा लिहा. त्यांनी तेव्हा घेतलेलाच हं, नेटवरचा नको.

खिडकीची_सीट:
कंडक्टरच्या लेकीला शब्दांचा दुष्काळ? डबल बेल, वेबिल, सुट्टे पैसे, मुक्कामी गाडी... पहिल्या पानावर मोठ्ठं 'डबल बेल' लिहा आणि सुटा.

जाता जाता: फोटोच्या मागे बॉलपेन चालवू नका, पुढे वळ उठतात. मऊ पेन्सिल हलक्या हाताने वापरा. काळ्या पानावर पांढरं जेल पेन, आधी सुट्या तुकड्यावर गिरवून. आणि चिकट पानांचा तयार अल्बम कोणी सुचवला तर ऐकू नका. माझे दोन फोटो त्यात कायमचे चिकटलेत.

धागाकर्ती:
काल बसले बाबांजवळ. ६७ चा फोटो बराच वेळ धरून होते. मग म्हणाले, "मुक्कामी गाडी होती. मी आतच झोपलेलो. पहाटे गाडी हलायला लागली, वाटलं हा मला उठवायला हलवतोय. शिवी हासडली. बघतो तर तो खाली रस्त्यावर उभा, गाडीला हातसुद्धा न लावता." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

हेच लिहितेय, त्यांच्याच शब्दांत. उखाण्याचं मात्र जमलं नाही. बाबांसमोर सांगणार नाही म्हणाली आई, स्वयंपाकघरात गाठावं लागेल.

आता एकच सांगा. ती शिवी बाबांनी मला जशीच्या तशी ऐकवली आहे. कार्यक्रमाला गुरुजी, व्याही, सगळे अल्बम चाळणार. लिहू, की फुल्या मारू?