शिकागोत मुलांना संध्याकाळी एकटं पार्कात सोडता येतं का? कर्फ्यूचं नक्की काय आहे?

शाऊंबर्गची_मावशी:
भाचा पुण्याहून येतोय, दहावी झालीये, अकरावीचं अ‍ॅडमिशन होईपर्यंत मोकळाच आहे. वय 16, माझी लेक 15. दोघांचं ठरलंय की जूनच्या शेवटी एका शुक्रवारी मेट्रा लोकलने डाऊनटाऊनला जायचं, मिलेनियम पार्कात फुकट कॉन्सर्ट असते ती ऐकायची आणि रात्री परत. मला वाटलं कर्फ्यू दहाचा आहे, त्याच्या आत निघाले की झालं, पण शेजारीण म्हणते सहानंतर आत घेतच नाहीत. खरं काय? आणि भाचा तर पाहुणा, त्याला हे लागू होतं का?

लेकव्ह्यूकर:
शेजारीण बरोबर बोलतेय. तुम्ही दोन वेगळे नियम एक करताय. शहराचा कर्फ्यू, म्हणजे मोठ्या माणसाशिवाय बाहेर फिरायला बंदी, रात्री 10 ते सकाळी 6, 18 च्या आतल्या सगळ्यांना. आधी शुक्रवार-शनिवारी 11 पर्यंत सूट होती आणि 17 वर्षांची पोरं त्यात नव्हती, ते 2022 मधे बदललं. त्याच वर्षी मे महिन्यात मिलेनियम पार्कातल्या 'बीन' शिल्पाजवळ गोळीबार होऊन एक 16 वर्षांचा मुलगा गेला, तेव्हापासून फक्त मिलेनियम पार्कसाठी वेगळा नियम आला, गुरुवार ते रविवार संध्याकाळी 6 नंतर सोबत जबाबदार मोठं माणूस नसेल तर अल्पवयीन मुलांना आत प्रवेश नाही. गेटवरचा सिक्युरिटीवाला भाचा कुठून आलाय ते बघत नाही हो, वय बघतो. फोटो असलेलं आयडी जवळ असू द्या.

आता गंमत बघा, नियम गुरुवारपासून आहे आणि मिलेनियम पार्कातच होणाऱ्या ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हलच्या फुकट कॉन्सर्ट बुधवारीही असतात, साडेसहाला. बुधवारी पाठवा की! जायच्या आधी पार्कच्या साइटवर त्या आठवड्याचं एकदा बघून घ्या मात्र.

नेपरव्हिलवाला_बाबा:
+1. पण ताई, परत येतानाचाही विचार करा. इलिनॉय राज्याचा कायदा वेगळा आहे, 17 च्या आतल्यांना रविवार ते गुरुवार रात्री 11 आणि शुक्रवार-शनिवारी 12 नंतर बाहेर नाही, म्हणजे तुमची दोघंही त्यात येतात. शिवाय गावागावाचे आपापले नियम, तुमच्या गावाच्या (व्हिलेजच्या) साइटवर बघा. युनियन स्टेशनवरून शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघा, कारण कॉन्सर्ट संपून चालत स्टेशनवर जाईपर्यंतच वेळ जातो. मी तर सरळ म्हणेन तुम्हीच जा सोबत, लॉनवर मागे चादर टाकून बसा, पोरं पुढे बसतील, त्यांनाही लाज वाटणार नाही.

तिकीटवाल्या कार्यक्रमाला कर्फ्यूतून सूट आहे, तिकीट नाहीतर मनगटावरचा बँड दाखवावा लागतो. फुकट लॉनला तिकीटच नाही, त्यामुळे तो आधार इथे धरू नका.

ह्यूस्टन_पाटील:
आमच्याकडे उलटं. टेक्सासने 2023 मधे कायदा करून शहरांचे मुलांसाठीचे कर्फ्यू 1 सप्टेंबरपासून बंदच केले, आधी ह्यूस्टनमधे शाळेच्या वेळेतही कर्फ्यू होता. पण म्हणून रात्री पार्कात बसता येतं असं नाही, पार्क बंद व्हायची वेळ असते ती मोठ्यांनाही लागू, पाटीवर लिहिलेली असते. पुण्यात बागेचा वॉचमन शिट्टी मारतो, इथे थेट पोलिसाची गाडी येते एवढाच फरक 😄

लेकव्ह्यूकर:
शिकागोत 2025 मधे तर पोलिसांना अर्ध्या तासाच्या नोटिशीवर कर्फ्यू लावता यावा असा ठराव सिटी कौन्सिलमधे 27-22 मतांनी पास झाला होता, महापौर जॉन्सननी व्हेटो केला, म्हणजे तो नाकारला, आणि तो व्हेटो मोडायला पुरेशी मतं मिळाली नाहीत. बरं झालं, नाहीतर आपण पोरांना काय सांगणार, अर्ध्या तासात घरी या?

शाऊंबर्गची_मावशी:
बुधवारचं डोक्यातच नव्हतं आलं! लेकीला सांगितलं तर म्हणे, शुक्रवारी तू आलीस तरी चालेल पण चादर लांब टाक.