९० फूट मेंदी, आखडलेला खांदा : कापायचं मशीन कोणतं घ्यावं?

रेघमास्तर, अमळनेर

नमस्कार मंडळी.

मी चित्रकलेचा मास्तर, आता निवृत्त. बोरी नदीच्या अलीकडे कोपऱ्याचा प्लॉट आहे, ४० बाय ६०. दोन बाजूंना रस्ता आणि त्या दोन्ही बाजूंना मेंदीचं कुंपण. फाटकाची जागा सोडली तर ९० फूट भरतं. उंची पाच फूट, रुंदी अडीच, काही ठिकाणी त्याहून जास्त, कारण गेली दोन वर्षं तिकडे हात पोचलेला नाही. साधी पाल्याची मेंदी आहे, कडू मेंदी नव्हे. आखाजीला मुली माहेरी आल्या की हिचाच पाला वाटून हाताला लावतात. त्यामुळे ‘उपटून टाका, भिंत बांधा’ हा सल्ला कृपया देऊ नये, तो घरात रोज मिळतो.

वीस वर्षं हे कुंपण मी हातकैचीनं कापलं. दोन बांबू, मधे सुतळी, आणि सुतळीच्या वर एक पान दिसलं तरी मला जेवण गोड लागायचं नाही. आता उजवा खांदा आखडलाय. डॉक्टर म्हणतात, हात डोक्याच्या वर न्यायचा नाही. एक माळीबुवा होते, ते ‘सोमवारी येतो’ म्हणतात, कोणत्या सोमवारी ते सांगत नाहीत.

परवा जळगावला गेलो होतो तेव्हा दुकानात विचारलं. दुकानदारानं आधी गवत कापायचा ब्रश कटर काढला, लांब दांड्याचा. म्हटलं, गवत नाही हो, मेंदी. मग तीन मशिनं मांडली : वायरीचं, बॅटरीचं, पेट्रोलचं. प्रत्येकाबद्दल एकच वाक्य, ‘हे फुल पॉवरचं आहे सर.’ मी तसाच परत आलो.

बजेट सात-आठ हजार. व्हरांड्यातल्या प्लगपासून शेवटचा कोपरा ७५ फुटांवर आहे. नुकतंच मृग लागलंय. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, रोटांना सगळे भाऊबंद जमतात. तोपर्यंत कुंपण माणसात आणायचं आहे. काय घेऊ?

बोरीकाठचा भो

सर, इतला पैसा कसाले घालतस? घरमा कैची शे ना! नहीते बकरी सोडा.

(गंमत हो. मलाही वाचायचंय लोक काय सांगतात ते.)

केळीबाग, रावेर तालुका

मास्तर, राम राम. माझ्याकडे शेतातल्या घराभोवती साधारण दोनशे फूट कुंपण आहे. पेट्रोलचं आणि बॅटरीचं, दोन्ही मशिनं वापरून झालीत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी मशीन बाजूला ठेवा आणि मेंदीच्या आत हात घालून फांदी चाचपा. दोन वर्षं हात पोचला नाही म्हणता, म्हणजे आत अंगठ्याएवढं लाकूड झालेलं असणार, आणि जुन्या मेंदीच्या फांद्यांची टोकं काट्यासारखी होतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ही मशिनं त्यासाठी नाहीत. पात्यावर दाते असतात, एक पातं दुसऱ्यावर मागेपुढे सरकतं आणि दोन दात्यांच्या मधे जी फांदी शिरेल तेवढीच कापली जाते. दात्यांमधलं अंतर १६ मिलिमीटर असेल तर कामाची फांदी करंगळीएवढी. अंगठ्याएवढी फांदी मधे गेली की मशीन नुसतं घुरघुरतं आणि अडकून बसतं. मग माणूस म्हणतो पॉवर कमी आहे, आणि दुकानदार त्याला जास्त वॅटचं विकतो. तेव्हा डब्यावरचे वॅट नंतर बघा, दात्यांमधलं अंतर आधी विचारा.

मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं. चांगला पाऊस झाला की करवतीनं आणि लांब दांड्याच्या कात्रीनं सगळं कुंपण दोन-अडीच फुटांवर आणायचं. गडी लावा, एक दिवसाचं काम आहे. भिऊ नका. राजस्थानात सोजतकडे मेंदीचं पीकच घेतात, जमिनीपासून थोडं वर कापतात आणि ती परत फुटते. पावसाळ्यात फूट जोरात येईल, ती कोवळी असेल, आणि तिथून पुढे हलकं मशीनसुद्धा लोण्यासारखं चालेल. त्यानंतर मात्र पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी फिरवत राहायचं. लाकूड होऊ दिलं की पुन्हा करवत.

आता पेट्रोलचं. ताकद भरपूर, वायरीची कटकट नाही, पण तुमच्या खांद्यावर पाच-साडेपाच किलो आणि वरून थरथर. टू-स्ट्रोक असलं तर पेट्रोलमधे ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. हे अंदाजानं ओतायचं काम नाही. माझं मशीन मी दिवाळीनंतर टाकीत पेट्रोल ठेवून तसंच कोपऱ्यात ठेवलं, आखाजीला काढलं तर चालूच होईना. कार्बोरेटरमधे चिकट गाळ. हल्ली पेट्रोलमधे इथेनॉल असतं, ते ओल धरतं, त्यामुळे टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवावं लागतं. ९० फुटांसाठी हा संसार कशाला?

बॅटरीचं हलकं, आवाज कमी, मला आवडतं. पण दोन गोष्टी. एक, ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यात भुलू नका, आत तेच पाच सेल असतात. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या मोजलं तर २० च्या पुढे, एरवी १८. खरं बघायचं ते अँपिअर-अवर. माझी २ वाली बॅटरी कोवळ्या फुटीत अर्धा तास जाते, ४ वाली त्याच्या दुप्पट. दुसरं आपलं ऊन. ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका असं माझ्या पुस्तिकेत लिहिलंय. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमधे सकाळी अकरालाच तेवढं असतं. माझी पहिली बॅटरी तिथेच वाया गेली. आता घरात, माठाच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवतो. घरात आधीच त्याच कंपनीचं बॅटरीचं ड्रिल वगैरे असेल तर तीच बॅटरी बहुतेक चालते, मग नुसतं मशीन घेता येतं. ते नसेल तर चांगली बॅटरी आणि चार्जर धरून तुमचं बजेट ताणलं जाईल.

म्हणून तुमच्यासाठी वायरीचं. साधारण ५०० वॅट, पातं ४५ ते ५० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी दाते. ६० सेंटिमीटरच्या पात्यानं रेघ सरळ येते हे खरं, तुम्हाला मोह होईल. पण टोकाचं वजन खांद्यावर येतं. विकत घ्यायच्या आधी साडेतीन किलो तूरडाळ पिशवीत भरा आणि दोन्ही हातांनी छातीसमोर धरून उभे राहा. किती वेळ जमतं ते घड्याळात बघा, मग ठरवा.

रेघमास्तर, अमळनेर

केळीबाग, तुमचा ऋणी आहे. तूरडाळीचा प्रयोग केला. दोन मिनिटं दहा सेकंद. सौ. दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

वायरीचं असंच मनात येतंय. पण ७५ फूट वायर ओढली की व्होल्टेज पडतं, मोटर जळते, असं शेजारी म्हणतात. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज तसंही नरमच. आणि पात्यात वायर आली तर?

बोरीकाठचा भो

सर, आता गंमत नाही. मी वायरिंगचीच कामं करतो.

शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. हिशोब करून दाखवतो. ५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सव्वादोन अँपिअरच्या आसपास. १ स्क्वेअर मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर घेतली तर २५ मीटर जाऊन परत येईपर्यंत दोन-अडीच व्होल्ट पडतील. मोटरला पत्ताही लागणार नाही. पाण्याच्या मोटरीचं गणित वेगळं, ती लोकांच्या डोक्यात बसलेली असते.

मोटर जळते ती जोडांमुळे. तीन तुकडे, प्रत्येक जोडाला चिकटपट्टी, आणि वायर रिळावर गुंडाळलेलीच ठेवून मशीन चालवायचं. गुंडाळी तापते. एकसंध वायर घ्या, पूर्ण उलगडा, बाहेरचं वेष्टण जाड रबरी घ्या. संध्याकाळी व्होल्टेज नरम असेल तर सकाळी कापा, दव वाळल्यावर.

वायर पात्यात येणं हा या मशीनचा सगळ्यात नेहमीचा अपघात. त्यावर दोन उपाय, दोन्ही करा. वायर पाठीवरून घेऊन खांद्यावरून सोडा (डाव्या, तुमच्या बाबतीत) आणि प्लगपासून लांब जात जात कापा, म्हणजे वायर कायम कापून झालेल्या बाजूला राहील. दुसरं म्हणजे त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट अंगातून किंवा कुठूनही गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. साधा एमसीबी तुमचा जीव वाचवायला नसतो, तो वायर वाचवतो. व्हरांड्यातल्या बोर्डाला नसेल तर आधी ती बसवा, मशीन नंतर. मी अमळनेरातच आहे, निरोप टाका. चहावर काम करीन.

आणि पाऊस पडून गेल्यावर ओल्या मेंदीत वायरीचं मशीन घालू नका.

देवपूरची ताई

मास्तर काका, धुळ्याहून. मी दोन वर्षं वायरीचं वापरतेय, त्यामुळे ते घ्या, एवढंच माझं मत.

दुकानात एक गोष्ट मात्र हातात धरून बघा. चांगल्या मशीनला दोन्ही मुठींवर बटणं असतात, दोन्ही दाबल्याशिवाय पातं हलत नाही, आणि एक सोडलं की लगेच थांबतं. मी पाहिलेल्या एका स्वस्तातल्या मशीनला एकच बटण होतं, आणि सोडल्यावर पातं आपलं निवांत थांबत होतं. आमच्या गल्लीत एकांनी दुसरं बटण रबरानं बांधून ठेवलंय, एका हातानं कापता यावं म्हणून. त्यांच्या बोटांची मला रोज काळजी वाटते.

चष्मा लावा, पूर्ण बाह्या घाला, गळ्यात उपरणं-रुमाल काही नको. मी ओढणी काढून ठेवते.

कापताना खालून वर जा, आणि खालची रुंदी वरच्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. सगळे सरळ उभी भिंत कापतात, मग वरच्या पानांची सावली पडून खालचा भाग उघडा होतो आणि कुत्री आरपार जायला लागतात. माथा शेवटी.

आणि मशीन लावायच्या आधी काठीनं फांद्या हलवून बघा. मागच्या पावसाळ्यात माझ्या मेंदीत बुलबुलाचं घरटं होतं, तीन अंडी. हातकैचीनं कापताना दिसतं हो, मशीनच्या नादात दिसत नाही.

रेघमास्तर, अमळनेर

मंडळी, हिशोब द्यायला आलो. कानबाई रविवारी बसली, सोमवारी वाजतगाजत गेली, आता घर शांत आहे.

जूनच्या अखेरीस दोन गडी लावून कुंपण अडीच फुटांवर आणलं. त्या रात्री झोप लागली नाही. सगळी काळी खोडं, जणू कुंपण नव्हे, जळून गेलेलं काहीतरी. सौ. म्हणाली, ‘आता भिंत बांधाच.’ बारा दिवसांनी पहिला हिरवा ठिपका दिसला आणि त्यानंतर रोज सकाळी मी पट्टी घेऊन मोजत होतो. आता साडेतीन फूट आलंय. पाच फुटांवर मी पुन्हा नेणारच नाही, खांद्याच्या खालीच राहू दे.

मशीन वायरीचं घेतलं. ५० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना दाते, दोन्ही मुठींना बटण. दुकानदारानं ६० वालं पुढे केलं होतं. मी दात्यांमधलं अंतर विचारलं तेव्हा त्यानं खिशातून मोबाइल काढून कोणालातरी फोन लावला. आरसीसीबी बोरीकाठच्या भोनं बसवली आणि खरंच चहाच घेतला, दोन वेळा.

रस्त्याकडची बाजू सुतळी लावून कापली, ती माझ्या मनासारखी झाली. दुसरी बाजू सुतळीशिवाय, गर्वानं, आणि तिथे तापीला पूर आल्यासारख्या लाटा आहेत. मोठे भाऊ रोट खाता खाता म्हणाले, ‘ही डिझाइन मुद्दाम केली का?’ मी हो म्हणालो.

फाटकाजवळचं चार फूट कापलेलं नाही. ताई, तिथे काठी हलवली तर बुलबुल माझ्या अंगावरच आला.

आता एक शंका. ओल्या मेंदीचा लगदा दोन्ही हातांना लागून हात नवरदेवासारखे रंगलेत ते जाऊ द्या, पण पात्यावरही काळा चिकट थर बसलाय, तो पाण्यानं निघत नाही. पूर्वी रॉकेल लावलं असतं, आता रॉकेल मिळत नाही. काय लावू?

केळीबाग, रावेर तालुका

आधी प्लग काढा. मग फडक्यावर थोडं डिझेल घेऊन दाते पुसा, हातमोजे घालून. कोरडं झालं की शिलाई मशीनचं तेल पात्याच्या फटीत थेंब थेंब सोडा, प्लग लावून पाच सेकंद रिकामं चालवा, परत प्लग काढून पुसा. हे दर वेळी, कापून झाल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो थर दगड होतो.

बोरीकाठचा भो

डिझेल मन्हाकडे शे सर. संध्याकाळी येस. चहा ठेवा.