मदत हवी आहे: आडवाटेने पायी जाताना वेळेचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार. गर्दीची स्थळे सोडून अनवट पायवाटांनी हिंडण्याकडे माझा कल आहे. अडचण आहे ती वेळेच्या अंदाजाची. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरतो. पण त्यात निसरड्या उताराचा, पाठीवरच्या ओझ्याचा किंवा वाट चुकण्याचा हिशेब नाही. नकाशात समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे उभा चढ, दिसल्या की मी दीडपट वेळ धरतो, तरी अंधारापूर्वी मुक्काम गाठण्याची खात्री वाटत नाही. जाणकारांनी आपला आडाखा आणि माघारी वळण्याची वेळ ठरवण्याची रीत कृपया सांगावी.