इंटरप्टमध्ये बोर्ड लटकतो, तर वॉचडॉगवर भागवायचं का?

धागाकर्ता:
सोलापुरात टेरी टॉवेलच्या मागांसाठी मी कंट्रोल बोर्ड बनवतो. पिक १८ मायक्रोकंट्रोलर, सगळा कोड असेंब्लीत. फेऱ्या मोजणारा आणि बाणा तुटल्याचं सांगणारा, हे दोन्ही सेन्सर हाय प्रायॉरिटी इंटरप्टवर (इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून आधी आपलं छोटं रूटीन चालवायला लावणारा इशारा). डिस्प्लेचा टायमर लो प्रायॉरिटीवर. एका कारखान्यात बोर्ड दोन-तीन दिवसांतून एकदा भरकटायचा. डिस्प्लेवर कचरा, फेऱ्यांचा आकडा भलताच, मग सगळंच ठप्प.

तीन आठवडे मी पॉवर सप्लायच्या मागे होतो. चूक माझ्या कोडात निघाली. दोन्ही रूटीन मी 'रेटफाय फास्ट'ने, म्हणजे सावली-प्रतीतून रजिस्टरं भरून परत जाणाऱ्या सूचनेने, संपवत होतो. या चिपमध्ये डब्ल्यू, स्टेटस आणि बीएसआर (मेमरीची बँक, म्हणजे कप्पा, निवडणारं) या तीन रजिस्टरांची सावली-प्रत आपोआप ठेवली जाते, पण एकच. लो रूटीन चालू असताना हाय आला की ती प्रत पुसून नवी बसते. मग लो रूटीन परत जाताना मेन प्रोग्रॅमच्या हातात दुसऱ्याचाच बीएसआर देतं, आणि पुढचं लिखाण चुकीच्या बँकेत जातं. आता लो रूटीन तिन्ही रजिस्टरं हाताने रॅममध्ये ठेवतं, परत घेताना स्टेटस सगळ्यात शेवटी, आणि साध्या 'रेटफाय'ने बाहेर पडतं.

कारण सापडेपर्यंत मालक म्हणत होते, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की चिप आपोआप रीसेट करणारा टायमर) लावा आणि मोकळे व्हा. माझं मत ठाम आहे: कारण न शोधता वॉचडॉग लावणं चूक, आणि रीसेटनंतर माग आपोआप सुरू होऊ देणं तर गुन्हाच.

कारखानदार, पूर्व भाग:
साहेब, तुम्हाला कोड दिसायलाय, मला माग दिसायलाय. माग मध्येच थांबला की टॉवेलवर खूण पडते, तो नग सेकंड मालात जातो. वॉचडॉगने बोर्ड क्षणात उठतो. रात्रपाळीला तुम्हाला कुठं शोधत बसू? उठला की चालू झाला पाहिजे, एवढंच.

पॅनेल वायरमन, अक्कलकोट रोड एमआयडीसी:
मी म्हणतो, कोडवर एवढ्या लवकर जाऊ नका. कॉन्टॅक्टरच्या (मोटरच्या मोठ्या स्विचच्या) कॉइलवर स्नबर (झटका शोषणारा भाग) नसला की तो सुटताना असा झटका देतो की चांगला कोडसुद्धा उडतो. मी आधी स्नबर आणि अर्थिंग बघतो. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

धागाकर्ता:
भाऊ, स्नबर हवाच, त्यात वाद नाही. पण अंदाज कशाला करायचा? चिप स्वतः सांगते. सुरुवातीलाच आरकॉन (रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर) वाचा: बोर्ड वॉचडॉगने उठला की व्होल्टेज पडल्यामुळे, ते कळतं. स्टॅकचा (परतीचे पत्ते ठेवायच्या जागेचा) ३१ पातळ्यांचा कोठा भरला असेल तर स्टॅक पॉइंटरमधला बिट तसाच राहतो. हे दोन बाइट ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून ठेवा. माझ्याकडे व्होल्टेजची नोंद एकदाही आली नाही, तेव्हा मी सप्लायचा नाद सोडला.

मालक, आपोआप चालू करायचं म्हणता. तुटलेला धागा जोडायला कामगाराचा हात फणीपाशी असतो. बोर्ड नेमका तेव्हा उठला तर? रीसेटमध्ये चिपचे पाय इनपुट होतात, म्हणून रिलेच्या ट्रान्झिस्टरला १० किलोओहमचा पुलडाऊन (पाय शून्यावर ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावा. रिले बंदच राहील. नंतर माग माणसाने बटण दाबल्यावरच सुटला पाहिजे.

अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स:
सर, मला एक पटत नाही. आम्हाला शिकवतात की इंटरप्टमध्ये फक्त फ्लॅग लावा, बाकी काम मेन लूपमध्ये. तुमच्या पोस्टवरून वाटतं, माग इंटरप्टमध्येच थांबवता. मग इंटरप्ट लांबणार नाही का?

धागाकर्ता:
प्रश्न रास्त आहे. मिनिटाला १५० फेऱ्यांचा माग धरला तर एक फेरा ४०० मिलिसेकंदांचा. फेऱ्यातले १० अंश म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद, म्हणजे थोड्या उशिरातही माग पुढे सरकतो. डिस्प्ले पुसायची एकच कमांड दीड मिलिसेकंद खाते. मेन लूप कशात अडकला असेल, त्याची हमी कोण देणार? म्हणून रिलेचा बिट शून्य करणारी एकच सूचना हाय रूटीनमध्ये, बाकी सगळं बाहेर. फेऱ्यांचा आकडा मात्र दोन बाइटचा आहे, तो मेनमध्ये वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करा. नाहीतर २५५ वरून २५६ होताना नेमका इंटरप्ट आला तर जुना खालचा आणि नवा वरचा बाइट मिळून ५११ वाचला जातो. मी स्वतः पाहिलाय.

कारखानदार, पूर्व भाग:
हाताचं म्हणालात ते पटलं, बटण ठेवा. पण वॉचडॉग मी काढू देणार नाही.

धागाकर्ता:
काढा कुठं म्हणतोय मी? राहू द्या. फक्त तो उठला की कारणाचा आकडा डिस्प्लेवर दिसू दे, आणि रात्रपाळीवाल्याला तो वहीत लिहून ठेवायला सांगा. सोमवारी मी वही बघायला येतो.