मदत हवी आहे: डिगला (डीएनएस तपासायची कमांड) रिकामं उत्तर, साइट ऑफिसात दिसते, घरी नाही

प्रश्नकर्ता: कालपासून अडकलोय. डोमेनचे नेमसर्व्हर (नावाचा आयपी सांगणारे सर्व्हर) बदलले. ऑफिसात साइट उघडते, घरी नाही. डिग +शॉर्ट मारलं तर घरी एक ओळ येत नाही. ए रेकॉर्ड (नावाच्या आयपीची नोंद) तीनदा तपासला. लवकर सांगा, लोकांचे फोन येताहेत.

जुनाखोड: ४८ तास थांबा, प्रोपगेशन आहे, बदल सगळीकडे पसरतोय. राउटर बंद-चालू करा.

रात्रपाळी: +शॉर्ट काढा आधी. हेडरच्या ओळीत ऑपकोडनंतर 'स्टेटस' असतो, तो +शॉर्ट गिळून टाकतं. घरचा रिझॉल्व्हर, म्हणजे तुमच्यासाठी आयपी शोधून आणणारा सर्व्हर, कोणता? जुनाखोड, कॅशमध्ये जुनं काही उरलं असतं तर जुना आयपी आला असता, रिकामं नाही.

जुनाखोड: वीस वर्षं हेच करतोय, राउटरनेच जमतं.

मेघा_टी: मशीनवरची होस्ट्स फाइल बघा, त्यात नाव-आयपी हाताने लिहिता येतात, मी एकदा त्यात ओळ विसरले होते.

रात्रपाळी: ताई, डिग ती फाइल वाचतच नाही.

प्रश्नकर्ता: स्टेटस सर्व्हफेल, म्हणजे रिझॉल्व्हरला उत्तर देता आलं नाही. घरी गूगलचा ८.८.८.८ आहे. नव्या नेमसर्व्हरला थेट विचारलं तर नोएरर (चूक नाही), आयपी बरोबर.

पोस्टमन: मेल अडकली असेल तर एमएक्सही (मेल सर्व्हरची नोंद) बघा.

प्रश्नकर्ता: मेलचं नाहीये हो!

रात्रपाळी: ८.८.८.८ लाच +सीडी लावून विचारा. आणि जुन्या होस्टिंगकडे डीएनएसएसईसी (डीएनएस उत्तरांवर सही, जी रिझॉल्व्हर पडताळतो) चालू होतं का?

प्रश्नकर्ता: +सीडीने आयपी आला! हो, चालू होतं. त्याचा संबंध असेल असं वाटलंच नाही.

रात्रपाळी: तिथेच घोळ आहे. 'डिग डीएस' मारून बघा, डॉट कॉमच्या झोनमध्ये सहीच्या जुन्या किल्लीचा डीएस (तिचा ठसा) अजून बसला असणार. नव्या नेमसर्व्हरकडे ती किल्ली नाही, पडताळणी फसते, म्हणून सर्व्हफेल. +सीडी म्हणजे पडताळू नकोस. ऑफिसचा रिझॉल्व्हर बहुतेक पडताळतच नाही. रजिस्ट्रारच्या (जिथे डोमेन नोंदवलं) पॅनेलमधून डीएस काढा. नेमसर्व्हर बदलण्याआधीच तो काढायला हवा होता, हे कुणीच सांगत नाही आणि माणसं रात्र रात्र ए रेकॉर्ड तपासत बसतात. डॉट कॉममध्ये डीएसचा टीटीएल (कॅशमध्ये राहायची मुदत) ८६४०० सेकंद आहे, म्हणजे काही ठिकाणी दिवसभर सर्व्हफेल राहील.

जुनाखोड: म्हणजे थांबायचंच ना?

रात्रपाळी: डीएस काढून मग. नुसतं थांबून महिनाभरातही सुटलं नसतं. गूगलच्या कॅश फ्लश पानावर डोमेन टाकून डीएस प्रकार निवडा, ८.८.८.८ लवकर सुटेल.

प्रश्नकर्ता: काढला, फ्लशही केलं. ८.८.८.८ नोएरर! क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ अजून सर्व्हफेलच.