लेकीला पाचगणीच्या निवासी शाळेत घालावं का? सल्ला हवा (लातूर)

मांजराकाठ
नमस्कार. लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. मुलगी आठवीत, सेमीला. वाचते भरपूर, पण वर्गात हात वर करत नाही. मागच्या महिन्यात इथल्या एका हॉटेलात एका 'इंटरनॅशनल' शाळेचे लोक आले होते. घोडे, पोहण्याचा तलाव, परदेशी मुलं, सगळे फोटो दाखवले. तेव्हापासून घरात हाच विषय. मंडळी म्हणतात नववीपासून पाठवू. माझी आई दोन दिवस नीट जेवली नाही, "लेकरू एवढं लांब?" म्हणून. पैशाची जुळणी होईल, पण ती एकदाच होण्यासारखी आहे. पाचगणी बरी, की कोडाईकनाल, मसुरी? आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमानं नेमकं काय पदरात पडतं? आणि पुढं तिनं डॉक्टर व्हायचं म्हटलं तर?

गोदाकाठची
दादा, तुमचा शेवटचा प्रश्न आधी सोडवा. बाकीचे त्यावर ठरतील.

राज्याच्या 85 टक्के वैद्यकीय कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बदलीच्या सरकारी नोकरीवाल्यांना थोडी सवलत आहे, व्यापाऱ्याच्या मुलीला नाही. कोडाईकनाल तमिळनाडूत, मसुरी उत्तराखंडात. तिथून दहावी केली की मुख्यतः 15 टक्के अखिल भारतीय कोटा आणि डीम्ड विद्यापीठं एवढंच उरतं. 70:30 (वैद्यकीयच्या 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, 30 टक्के बाहेरच्यांना) रद्द व्हावं म्हणून मराठवाड्यातल्या पालकांनी किती जीव टाकला होता! 2020 मध्ये ते दार उघडलं. आता आपल्याच हातानं दुसरं लावून घेऊ नका.

आयबी डिप्लोमा हा अकरावी-बारावीचा, 45 गुणांचा अभ्यासक्रम. सहा विषय, त्यातले साधारण तीन वरच्या पातळीचे, आणि चार हजार शब्दांचा एक निबंध मुलानं स्वतः शोध घेऊन लिहायचा. वाचणाऱ्या मुलीला हे फार मानवेल. परदेशात किंवा इथल्या चांगल्या खासगी विद्यापीठात जायचं असेल तर उत्तमच. पण भौतिक, रसायन, जीव हे तिन्ही विषय नेहमीच्या रचनेत बसत नाहीत, वेगळी परवानगी काढावी लागते. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला तर तिन्ही हवेत. म्हणून डॉक्टरकीचा विचार असेल तर दहावीपर्यंत पाचगणी आणि अकरावीला परत लातूर, हा मार्ग मला जास्त पटतो.

आणखी एक. 'इंटरनॅशनल' हा शब्द कुणीही पाटीवर लिहू शकतं. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव शोधा. 'उमेदवार शाळा' (मान्यता अजून मिळायची आहे अशी) आणि मान्यता मिळालेली शाळा यात फरक असतो, आणि प्राथमिक वर्गांची मान्यता म्हणजे डिप्लोमाची नव्हे. कोडाईकनाल इंटरनॅशनल 1901 ची, देशात आयबी पहिल्यांदा तिथंच आलं, 1976 मध्ये. मसुरीचं वुडस्टॉक 1854 चं. शाळा नावाजलेल्या आहेत, फक्त तुमच्या लेकीची वाट तिकडून जाते का ते बघा.

उदगीरचा बाप
आमचं पोरगं चार वर्षं पाचगणीला होतं. खरं सांगतो, पहिला पावसाळा लई जड गेला. आपल्याकडं पावसाची वाट बघायची सवय, तिथं जून ते सप्टेंबर धुकं आणि ओल. कपडे वाळत नाहीत, गादीला वास येतो. पोराला दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. भाकरीची आठवण काढून रडायचा. दिवाळीला आला तेव्हा मात्र स्वतःची चादर स्वतः घडी करत होता, त्याची आजी बघत राहिली.

शाळेचं नाव घेत नाही, पण एका वर्षात वसतिगृहाचे वॉर्डन तीनदा बदलले. लेकराला ताप आला तर कुणाला सांगावं हेच कळंना. इमारत बघू नका, वॉर्डन किती वर्षांपासून आहेत ते विचारा. रात्री नर्स असते का, घरी फोन आठवड्यातून कितीदा, हेही. फीशिवाय अनामत, गणवेश, धुलाई, सहली यांचे आकडे लेखी घ्या.

तेरणामाय
भाऊ, फक्त मुलींची शाळा हवी असेल तर पाचगणीत किमिन्स आहे, 1898 ची. बाकी तिथंच संजीवन 1922 चं, न्यू इरा 1945 चं, बहाई मंडळींनी काढलेलं. नुसतं हॉटेलातल्या फोटोंवर ठरवू नका.

आणि लेकीला विचारलं का? तुमच्या पूर्ण धाग्यात तिचं म्हणणं कुठंच नाही. माझी मुलगी अशीच अबोल होती. आम्ही धाडायचं ठरवलं आणि ती काहीच बोलली नाही, आम्ही तेच होकार समजलो. दीड वर्षानं परत आणली. अबोल लेकरू गर्दीत आपोआप बोलकं होत नाही, कुणीतरी त्याच्याजवळ बसावं लागतं.

मांजराकाठ
ताई, आज दुकानातून लवकर आलो आणि विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी बघून येऊ. पण पावसात जाऊ, म्हणजे खरं कळेल." हा धागा तिनं वाचला होता. आई पण येते म्हणाली.

उदगीरचा बाप
मग जुलैत जावा. लातूरहून रात्रीची मुंबईची रेल्वे, पहाटे पुण्यात उतरा, स्वारगेटवरून महाबळेश्वरची एस्टी, वाईवरून पसरणी घाट चढला की पाचगणी. आजीला स्वेटर घ्या. आणि शाळेत जेवणाच्या सुट्टीत पोहोचा, मुलांसोबत पंगतीत बसू देतात का विचारा.